खिशातला चाकू : आधी मूठ, मग पातं

बारामतीत जळोचीच्या बाजार समितीच्या आवारात माल उतरत असताना थोडा वेळ उभं राहून बघा. क्रेटची सुतळी कोणी दातानं तोडतो, कोणी गाडीच्या किल्लीनं घासत बसतो. व्यापाऱ्यानं डाळिंबाचा दाणा बघायला मागितला की शोधाशोध सुरू होते आणि कुणाच्या तरी पाकिटातून अर्धं मोडलेलं दाढीचं ब्लेड बाहेर येतं. पलीकडे एमआयडीसीत पार्सलची चिकटपट्टी पेनाच्या टोकानं फोडणं चालू असतं. या सगळ्यांचं काम घडीच्या एका छोट्या चाकूनं भागतं, आणि यातल्या बऱ्याच जणांनी तो कधी ना कधी विकतही घेतलेला असतो. पण तो घरी कपाटाच्या खणात पडलेला असतो. का, तर खिशात बोचतो किंवा हातात रुततो.

गफलत दुकानात होते. आपण पातं बघतो. किती चमकतं, किती लांब, मनगटावरचे केस उडतात का. खरं तर बोथट पातं दगडावर घासून ताळ्यावर आणता येतं, वाईट मूठ काही केल्या सुधारत नाही. शिवाय चाकू दिवसभर असतो खिशात. हातात येतो तो सगळा मिळून पाच-दहा मिनिटं. म्हणून निवडीचा क्रम उलटा लावायचा. आधी काम, मग खिसा, मग मूठ, मग लॉक, आणि पातं सगळ्यात शेवटी. पुढची कृती त्याच क्रमानं लिहिली आहे.

१. काय कापता ते आधी ठरवा

एका कागदावर आठवडाभरात हातून कापल्या गेलेल्या वस्तू लिहून काढा. आपल्या भागातला कागद साधारण असा निघेल : खताच्या आणि पेंडीच्या गोणीची शिवण, सुतळी, मल्चिंग पेपर, औषधाच्या बाटलीचं सील, पार्सलचा खोका, पेरू, लिंबू, पोरांची पेन्सिल. यातलं एकही काम मोठ्या चाकूचं नाही. ही यादी समोर असली की दुकानात काचेखालचा लांबलचक, काळ्या पात्याचा, जंगलातल्या शिकाऱ्याचा वाटणारा चाकू आपोआप बाद होतो.

आता त्याच कागदावर जी कामं खिशातल्या चाकूची नाहीत ती खोडा. ऊस कोयत्याचा. वायर सोलायला पक्कड. रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला स्क्रू-ड्रायव्हर. चाकूची टोकं मोडतात ती बहुतेक याच कामात. ठिबकची १६ मिलिमीटरची लॅटरल चाकूनं कापते खरी, पण ती अंगठ्यावर धरून कापायची आपल्याकडची रीत घातक आहे. खाली फळी घ्या, नाहीतर सरळ छाटणीची कात्री वापरा. काप तिरपा गेला तर जोडणीतून पाणी गळत राहतं ते वेगळंच.

डाळिंबवाल्यांनी एक गोष्ट पक्की धरावी. बागेत तेल्या असेल तर फांदीला खिशातला चाकू लावायचा नाही. तेल्या हा जिवाणूंचा रोग आहे आणि तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर हत्यारावाटेही जातो. म्हणून तर छाटणीची कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवत पुढच्या झाडाकडे जायला सांगतात. घडीच्या चाकूच्या सांध्यात चीक आणि भुसा जाऊन बसतो. तिथपर्यंत द्रावण नीट पोचत नाही, आणि पोचलं तर पोलाद गंजवतं.

द्राक्षाची कलमं करणाऱ्यांचा चाकूही निराळा. त्याला एकाच बाजूनं धार असते, म्हणून काप सपाट येतो आणि काडी खुंटात घट्ट बसते. त्या चाकूनं एकदा सुतळी कापली की धारेला दात पडतात आणि पुढची पाचर नीट बसत नाही. तो डब्यात वेगळा ठेवा, खिशात नको.

२. खिसा कोणता आहे?

हा प्रश्न दुकानदार कधी विचारत नाही. चाकूच्या जाहिरातीत जो खिसा गृहीत धरलेला असतो तो जीनच्या पँटचा असतो. जाड कापड, आडवं तोंड, त्यावर क्लिप अडकवायची आणि निघायचं. आपल्याकडे पायजमा आहे, ट्रॅक पँट आहे, कंपनीचा युनिफॉर्म आहे, आणि साडी आहे, जिला खिसाच नाही.

पायजम्याचा बगलखिसा खोल आणि सैल असतो. त्यात जड चाकू तळाशी जातो आणि चालताना मांडीवर आपटत राहतो. क्लिप लावली तर पातळ कापड खाली ओढलं जातं आणि महिनाभरात शिवण उसवते. अशा खिशाला हलका, गोलसर कडांचा, क्लिप नसलेला चाकू बरा. क्लिप असलेलाच आवडला असेल तर ती स्क्रूनं काढता येते का ते पाहा. जीनवाल्यांना क्लिपचा उपयोग आहे, कारण चाकू उभा राहतो आणि खिशात बाकीच्या वस्तूंना जागा राहते. फक्त क्लिपचं टोक बाहेर वळलेलं नको. मोटारसायकलच्या सीटला आणि दुसऱ्याच्या गाडीच्या रंगाला ओरखडे पडतात. शर्टाच्या वरच्या खिशात चाकू ठेवणं सोडून द्या. विहिरीवर वाकलात की तो गेलाच म्हणून समजा.

वजन किराणा दुकानाच्या काट्यावर करा. ५० ग्रॅमच्या आतला चाकू खिशात आहे हे विसरायला होतं. १०० ग्रॅमपर्यंत चालतो. त्यापुढे गेलात तर पायजम्याची नाडी पुन्हा पुन्हा आवळावी लागेल. अंदाजासाठी दोन आकडे सांगतो. फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीचा लाकडी मुठीचा ८ नंबरचा चाकू साधारण ४५ ग्रॅम भरतो. पातं साडेआठ सेंटिमीटरचं असूनही. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा सगळ्यात छोटा, ५८ मिलिमीटरचा, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचा चाकू वीस-बावीस ग्रॅमचा. दोन्ही महागड्या वस्तू नव्हेत, आणि हलकेपणा म्हणजे तकलादूपणा नव्हे हे दोन्ही चाकू दाखवून देतात.

मग बैठकीची परीक्षा घ्या. चाकू खिशात ठेवून उकिडवं बसा, धारेला बसता तसं. मांडी घालून बसा, पंगतीला बसता तसं. मोटारसायकलवर बसून किक मारा. तीनही वेळा चाकू मांडीच्या सांध्यात घुसला नाही तरच तो रोज जवळ राहील. बहुतेक चाकू उभ्या माणसाला चांगले वाटतात आणि उकिडवं बसताच नापास होतात. बंद चाकूची जाडी दीड सेंटिमीटरच्या पुढे नसली, म्हणजे त्रास निम्मा कमी होतो. दुकानात असं बसायला संकोच वाटत असेल तर विकत घेण्याआधी घरी तेवढ्याच मापाची वस्तू खिशात ठेवून एक दिवस काढा.

साडी नेसणाऱ्या बाईसाठी चाकू निवडायचा तर वजन आणखी कमी धरा आणि मुठीला कडी आहे का ते आधी बघा. कमरेच्या छल्ल्याला किल्ल्यांबरोबर तो अडकवता येतो. बाजारात भाजी निवडणाऱ्या, घरच्या गोठ्यात पेंडीची पोती उघडणाऱ्या बायकांना चाकूची गरज पुरुषांपेक्षा कमी नसते. त्यांच्यासाठी तो कोणी मुद्दाम बनवत नाही, एवढंच.

३. मूठ

इथे घाई करू नका. बाकीच्या सगळ्या पायऱ्यांना मिळून जेवढा वेळ द्याल तेवढा एकट्या मुठीला द्या.

आधी माप. बोटांच्या बुडाशी, अंगठा सोडून, तळहाताची रुंदी पट्टीनं मोजा. मूठ त्यापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर लांब हवी. तळहात साडेआठ सेंटिमीटरचा असेल तर साडेनऊ ते साडेदहाची मूठ. चारही बोटं मुठीवर बसली पाहिजेत आणि तर्जनी पात्याच्या सांध्याला भिडता कामा नये. मूठ आखूड पडली तर करंगळी मोकळी राहते, आणि करंगळी मोकळी राहिली की सगळा जोर पहिल्या दोन बोटांवर येतो. पाच मिनिटांत हात दुखायला लागतो.

आता खरी परीक्षा. पातं उघडा, टोक आणि धार मोकळ्या बाजूला ठेवा, आसपास कोणी नाही ना ते बघा. मूठ घट्ट आवळा आणि मनात वीस अंक मोजा. चाकू खाली ठेवा, तळहात उजेडात धरा आणि त्यावर उमटलेले ठसे वाचा. सगळीकडे सारखा फिकट गुलाबी पट्टा आला असेल तर मूठ चांगली. मधे एक लांब लाल रेघ आली तर ती क्लिपची कड आहे. एखादा खोल ठिपका स्क्रूचा नाहीतर कडीचा. तर्जनीच्या पहिल्या पेरावर आडवी बारीक रेघ दिसली तर आतली पोलादी पट्टी मुठीच्या बाहेर डोकावते आहे. हीच जागा पुढे फोड आणते. आणि तळहाताच्या मध्यभागी एकच गोल डाग आला तर मुठीचं बूड अरुंद आहे. पेरूसारखं टणक फळ दाबून कापताना ते रोज तिथंच टोचणार.

दुकानदार म्हणेल, ‘‘दादा, वापरून होईल हाताला सवय.’’ चप्पल वापरून सैल होते. पोलादाची कड होत नाही. ठसा नको त्या जागी आला तर चाकू परत ठेवा.

पकड एकच नसते, म्हणून आणखी दोन प्रकारे धरून बघा. पेन्सिल तासताना अंगठा पात्याच्या पाठीवर टेकतो. पाठीच्या कडा चौकोनी आणि तीक्ष्ण राहिल्या असतील तर अंगठ्याला लगेच कळतं. घरी आणल्यावर बारीक पॉलिश पेपरनं त्या मारता येतात, पण चाकू परत करायची मुदत उलटून गेल्यावरच हात लावा. दुसरी पकड सोलण्याची : अंगठा फळावर, धार आपल्याकडे. या पकडीत मूठ तळहातात फिरते. पूर्ण गोल मूठ इथे निसटते, पूर्ण चपटी रुतते. काप घेतला तर लंबगोल दिसेल अशी मूठ दोन्हीकडे भागवते.

हात ओला करून बघितल्याशिवाय मुठीबद्दल मत बनवू नका. साबणाचं पाणी लावलं की गुळगुळीत स्टीलच्या मुठीचं सगळं सौंदर्य ओसरतं. खरखरीत मूठ ओल्या हाताला छान, पण तीच खरखर खिशाचं अस्तर खाते आणि शेजारच्या मोबाइलच्या काचेवर रेघा मारते. माझ्या मते मधला मार्ग लाकडाचा किंवा मऊसर नायलॉनचा. लाकडाचा दोष एकच : पाणी पिऊन फुगतं. पिकाला पाणी द्यायला दारं धरताना चाकू दिवसभर ओला राहिला तर लाकडी मुठीत पातं घट्ट अडकून बसतं आणि उघडता उघडत नाही. पाण्याशी रोजचा संबंध असणाऱ्यांनी नायलॉनकडेच वळावं. आणि संपूर्ण धातूची मूठ उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली तर हात लावून बघा म्हणजे कळेल.

उघडणं हाही मुठीचाच भाग धरा. पात्यावर नखाची खाच असते. नखं नुकतीच काढलेली असताना, किंवा पाचट ओढून ती मोडलेली असताना, ती खाच सापडते का? सांधेदुखीच्या माणसाला नखानं पातं ओढणं जमत नाही; त्याला पात्यावर गोल भोक किंवा छोटी खुंटी असलेला चाकू द्या. डावखुऱ्यांनी खुंटी आणि क्लिप दोन्ही बाजूंना बसते का ते विचारावं. बाजारातले निम्मे चाकू उजव्या हातासाठीच जन्माला आलेले असतात.

४. लॉक

उघडलेलं पातं उघडंच राहावं यासाठीची सोय म्हणजे लॉक. काही चाकूंत ते नसतंच. व्हिक्टोरिनॉक्सचे बहुतेक छोटे चाकू किंवा आपल्याकडचे जुने पितळी कडांचे चाकू पाठीतल्या स्प्रिंगच्या दाबावर उभे राहतात. कापताना जोर पात्याच्या धारेवर येतो, त्यानं पातं आणखी उघडण्याकडे जातं, म्हणून सुतळी आणि फळं यांना हा प्रकार पुरतो. पण टोक खुपसलंत की पातं मिटतं, ते थेट बोटांवर. ज्याला गोणीत भोक पाडायची सवय आहे त्यानं लॉकचाच घ्यावा.

लॉकचे तीन प्रकार दुकानात हमखास भेटतात. एकात मुठीच्या आतली पातळ पोलादी पट्टी पात्याच्या बुडामागे सरकते. मिटताना ती अंगठ्यानं बाजूला ढकलायची, आणि त्या वेळी अंगठा पात्याच्या वाटेत असतो. नवख्याचं बोट कापतं ते इथंच. दुसऱ्यात मुठीच्या पाठीवर एक पट्टी दाबायची. बोटं वाटेबाहेर राहतात, दोन्ही हातांना सारखं, फक्त दोन हात लागतात. तिसरा ओपिनेलचा, सांध्याभोवतीची कडी फिरवायची. ही कंपनी १८९० साली सावोय प्रांतात जोसेफ ओपिनेलनं सुरू केली, कडी मात्र १९५५ पासूनची. म्हणजे सहा दशकांहून जास्त काळ हा चाकू लॉकशिवायच खपत होता. घरातल्या नवख्या माणसासाठी मी दुसरा किंवा तिसरा सुचवेन.

लॉक तपासायचं असं. पातं उघडा. मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा, बोटं पात्याच्या मिटण्याच्या वाटेबाहेर ठेवा. पात्याची पाठ, धार नव्हे, लाकडी टेबलावर हलकेच टकटक आपटा. पातं हललं तर चाकू परत. मग टोकाजवळ पाठ धरून डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळ जाणवली तर परत. शेवटी चाकू मिटा, उलटा धरून झटका द्या. पातं जरासंही बाहेर डोकावलं तर तोही परत, कारण तो उद्या खिशात उघडणार.

बटण दाबताच फटकन उघडणारा खटक्याचा चाकू घेऊच नका. रामपुरीची हिंदी सिनेमानं जी ओळख करून दिली आहे ती पोलिसांनाही ठाऊक आहे. आणि कामाच्या दृष्टीनं त्याचा फायदा शून्य. सुतळी काही पळून जात नसते.

५. लांबी आणि कायदा

शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्र म्हणून धरली आहेत. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. म्हणून कोयता शेतात चालतो. खिशातल्या चाकूचं पातं सहा ते साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम सव्वातीन इंच, तेव्हा या मर्यादेच्या तो जवळपासही येत नाही.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली ठरावीक मुदतीचे मनाई आदेश निघतात, आणि त्या कलमात शस्त्रं, लाठ्या यांच्याबरोबर चाकूचा नावानिशी उल्लेख आहे. सण, निवडणूक, मोर्चे अशा वेळी हे आदेश वर्तमानपत्रात छापून येतात. आषाढात तुकोबांची पालखी बारामती-काटेवाडीवरून इंदापूरकडे जाते तेव्हा रस्त्याला बंदोबस्त असतो. गर्दीत जाताना चाकू घरी ठेवायचा, हा साधा नियम. कोर्ट, परीक्षा केंद्र, मंत्रालय इथंही तेच. विमानात तो हातातल्या बॅगेत नेता येत नाही. लोहगाववरून उडायचं असेल तर चेक-इनच्या सामानात टाका, नाहीतर तपासणीच्या टेबलावर सोडून जावा लागेल.

पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्यांनंतर धारदार वस्तूकडे बघण्याची नजर बदलली आहे, आणि त्यात पोलिसांचं चुकतं असं मला वाटत नाही. ‘चाकू कशाला?’ असं विचारलं तर ‘गोणी उघडायला’ हे उत्तर खरं असलं पाहिजे. ‘सेफ्टीसाठी’ असं म्हणालात की तुम्ही स्वतःच त्याचं हत्यार केलंत. शिवाय भांडणात काढलेला घडीचा चाकू सगळ्यात आधी कापतो तो काढणाऱ्याची बोटं. दुधारी पातं, काळा रंग, पात्यावर कवटीचं चित्र हे सगळं याच कारणासाठी टाळा.

६. पातं

पात्याची पाठ दोन ते तीन मिलिमीटर जाड पुरे. जाड पातं फळ कापत नाही, फाडतं. टोक फार अणकुचीदार नको. पाठीकडून अलगद उतरत आलेलं टोक पेन्सिलीलाही चालतं आणि चुकून लागलं तर खोल जात नाही. दातेरी धार दोरखंडाला बरी, पण ती घरी लावता येत नाही.

पोलादाची चर्चा विक्रेते लांबवतात. आपल्या कामाचा निकष एकच : डाळिंब. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं आणि साध्या कार्बन पोलादाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस मिळून शाई व्हायची ती याच गुणावर. दोन डाळिंबं फोडली की पातं काळं पडतं, आणि पुढच्या फळाच्या कापावर काळसर डाग उठतो. गिऱ्हाइकासमोर तो डाग फळाच्या नावावर जातो. कच्च्या कैरीचं आणि सुपारीचंही असंच. म्हणून मार्केटात फळ कापून दाखवणाऱ्यांनी स्टेनलेसच घ्यावा. फक्त दोरे आणि खोके कापणाऱ्याला कार्बन पोलाद चालेल. त्याला धार पटकन लागते, फक्त पुसून ठेवायची शिस्त हवी.

डाळिंब कापून दाखवायची रीत जाता जाता सांगतो, कारण तिच्यावरून पात्याची लांबीही ठरते. मुकुटाभोवती साल जेवढी जाड तेवढीच खोल गोल चीर द्यायची आणि झाकण उचलायचं. आत पांढऱ्या पडद्यांच्या रेषा दिसतात. त्या रेषांवरून बाहेरच्या सालीला उभ्या चिरा. मग हातानं उमलवायचं. दाणा एकही फुटत नाही. या कामात पात्याचा टोकाकडचा दोनच सेंटिमीटर भाग वापरला जातो, त्यामुळे दहा सेंटिमीटरच्या पात्यानं ते उलट अवघड होतं.

फार कडक पोलाद घेऊ नका. कडक पात्याची धार टिकते हे खरं, पण बसली की साध्या दगडाला दाद देत नाही. मग चाकू सायकलच्या चाकावर सहाण फिरवणाऱ्याकडे जातो. कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. धारेवर निळसर जांभळी झाक आली की तिथलं पाणी उतरलं, तेवढा भाग पुन्हा धार धरत नाही. कोयत्याला, विळीला तो कारागीर उत्तम. खिशातल्या पातळ पात्याला घरचाच दगड लावावा.

७. विकत घेताना

भांड्यांच्या दुकानात, शेती औजारांच्या दुकानात आणि आठवडे बाजारात फिरून चार मुठी हातात धरून बघा. घेणं ऑनलाइन असलं तरी धरून बघण्याला पर्याय नाही. स्विस चाकूच्या नकला लाल प्लास्टिकसह अगदी हुबेहूब मिळतात. खऱ्याच्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव कोरलेलं असतं आणि प्रत्येक अवजार उघडताना सारख्या जोरानं, स्पष्ट टक् आवाज करत उघडतं. नकलेत एक सैल, एक घट्ट. आणि दहा अवजारांचा चाकू घेण्याआधी पहिल्या पायरीचा कागद पुन्हा काढा. बूच काढायचा पेच आपल्यापैकी किती जण वापरतात?

पैसे थोडे असतील तर दुकानातल्या मोठ्यातल्या स्वस्तापेक्षा छोट्यातला चांगला घ्या.

८. पहिला महिना

घरी आणल्यावर पुठ्ठ्याचा एक मोठा खोका घ्या आणि हातभर लांबीच्या पट्ट्या कापत सुटा. हात कुठे दुखतो ते दहाव्या पट्टीपर्यंत कळतं. परत करायची मुदत असेतो हे उरकून घ्या.

सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं. गोडं तेल तर काही दिवसांत चिकट होऊन धूळ धरून ठेवतं. फळं कापत असाल तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन वापरा. फळ कापून झालं की पातं धुऊन, उघडं ठेवून वाळू द्या, मगच मिटा. डाळिंबाचा रस सांध्यात वाळला तर पातं करकर वाजतं.

धार लावण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा दगड पुरेसा. कोन साधारण वीस अंशांचा हवा, आणि तो मोजायला कोणतंही यंत्र लागत नाही. कागदाचा चौकोनी कोपरा घ्या, एकदा दुमडला की पंचेचाळीस अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. ती घडी दगडावर उभी धरून पातं तिला टेकवा आणि तेवढाच कल मनगटात पक्का करा. ओल्या दगडावर एका बाजूनं घासत राहा, पलीकडच्या बाजूला धारेवर बोटाला बारीक तार लागेपर्यंत. बोट धारेवरून आडवं, बाहेरच्या दिशेनं फिरवायचं, धारेच्या लांबीला कधीच नाही. मग बाजू बदला, पुन्हा तार आली की दगडाच्या बारीक बाजूवर हलके हात मारा आणि शेवटी पुठ्ठ्यावर पातं उलट दिशेनं ओढा. वर्तमानपत्राचा कागद न फाटता कापला गेला की थांबा. दाढी करायची नाहीये.

स्क्रू सैल होतात. योग्य मापाच्या पान्यानं किंचित आवळा, इतकंच की पातं सरळ हलेल आणि आडवं डुलणार नाही. लॉक मात्र झिजून निसटायला लागलं तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका, सुतळी गुंडाळून तर अजिबात चालवू नका. पातं मिटा, भोवती चिकटपट्टीचे चार-पाच वेढे घट्ट द्या आणि मगच भंगारात घाला, कारण त्या पोत्यात पुढे कोणीतरी न बघता हात घालणार असतो.